नाहूरच्या अभ्यासिकेचं वायफाय

प्रत्येक घरात एक ड्रॉवर असतो बघा, जुन्या चार्जरचा. कोणी मुद्दाम जमवत नाही. फोन कधीच मेलेला असतो, तो कोणाचा होता हेही आठवत नाही, पण चार्जर टाकवत नाही. आमच्याकडे वायफायचे किस्से असेच साठलेत. चार मित्र बसले की कोणीतरी ड्रॉवर ओढतं आणि सगळा गुंता एकदम बाहेर येतो.

तर, नाहूरला आमच्या मंडळाची तळमजल्यावर एक खोली आहे. आत गणपतीचं सामान, फोल्डिंगच्या खुर्च्या आणि एका लोखंडी कपाटात कबड्डीच्या ट्रॉफ्या. तिथे अभ्यासिका काढायची ही आयडिया निल्याची. निल्या म्हणजे निलेश, अंधेरीला एका ऑफिसात कामाला. आमच्यात कॉम्प्युटर कळणारा एकटाच. त्याच्या ऑफिसने जुने लॅपटॉप भंगारात काढले, ते हा रिक्षात मांडीवर घेऊन आला. इतके जुने की विंडोज चालू होईपर्यंत माणूस चहा पिऊन, कप धुवून, पुसून यायचा. म्हणून निल्याने विंडोज काढून सगळ्यांवर लिनक्स टाकलं.

"हे फुकट आहे म्हणतोस, मग मालक कोण?" गावडे काकांनी विचारलं. काका मंडळाचे सेक्रेटरी, रंगात आले की मालवणीवर येणारे. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा, त्यामुळे ते येण्याआधी त्यांचा आवाज येतो.

"मालक कोणीच नाही काका. सगळ्यांचं आहे. कोणीही घ्यायचं, कोणीही दुरुस्त करायचं."

"म्हणजे मंडळाच्या शिडीसारखं," काका म्हणाले. "सगळे नेतात, आणि मोडली की कोणाचीच नसते."

लिनक्सबद्दल इतकं अचूक मी नंतरही काही ऐकलं नाही.

खोली मिळाली, पण अटीवर. आमच्या बंटीदादाला तिथे व्यायामशाळा हवी होती. दंड दाखवूनच तो मीटिंगमध्ये बोलतो. शेवटी ठरलं की वार्षिक सभेपर्यंत अभ्यासिका नीट चालवून दाखवा. चालली तर राहील, नाहीतर आरसे आणि डंबेल्स.

आम्हाला काय, आम्ही टाइमपासला जायचो. खरं अडलेलं होतं सायलीचं. सायली परब, तिसऱ्या मजल्यावरची, सरकारी परीक्षेची तयारी करत होती. तिचं घर म्हणजे एक खोली आणि त्या खोलीत सगळं खानदान. अभ्यासिका गेली तर तिला दुसरी जागा नव्हती. हे तिला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं. फक्त वायफायला माहीत नव्हतं.

*

पहिल्या दिवशी निल्याने नारळ फोडून पहिला लॅपटॉप चालू केला. लिनक्स आलं, मस्त निळा पडदा आला, वायफाय काही आलं नाही. चिन्हच नाही!

"काय झालं रे?" काका.

"वायफायचं कार्ड चालवायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो. तो यात नाहीये. नेटवरून घ्यावा लागतो."

"मग घे."

"नेट नाहीये ना."

"का नाही?"

"तो प्रोग्रॅम नाहीये म्हणून."

काकांनी बोटांवर हिशेब लावून बघितला. मग त्यांचा चेहरा उजळला. "दोन वर्षांमागे मी ह्या ट्रॉफ्यांच्या कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार ओढून घेतलं होतं. आता माका समाजला!"

निल्याने स्वतःचा मोबाईल वायरने लॅपटॉपला जोडला, मोबाईलचं नेट आत घेतलं, प्रोग्रॅम उतरवला. वायफाय आलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकांनी नाही वाजवल्या. ते मोबाईलच्या वायरकडे खिन्नपणे बघत होते.

"तेव्हा तू खंय होतंस रे झिला? चावीवाल्यान दार वाकवल्यान माझा."

*

नेट आलं, पण टिकेना. भिंतीजवळच्या टेबलांवर मिळायचं, बाकीकडे गायब. एका टेबलावर तर श्वास रोखून बसलं तरच.

सायलीने एक दिवस मला विचारलं, "ओंक्या, हे काय आहे रे? मगाशी होतं, आता नाही."

मी तिच्याकडे बघून एकदम सीरियस चेहऱ्याने म्हटलं, "तू पश्चिमेकडे तोंड करून बसलीयस."

"मग?"

"लिनक्सला पूर्वेकडे तोंड लागतं."

माझी अपेक्षा होती की ती वही फेकून मारेल. ती खुर्ची उचलून पूर्वेकडे तोंड करून बसली. आणि नेट आलं!

मी स्वतः दचकलो. पण दचकलेलं दाखवलं की खेळ संपतो, म्हणून मी फक्त मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अख्खी अभ्यासिका पूर्वेकडे तोंड करून. ओळीने. सामुदायिक मुंज असल्यासारखी. गावडे काका दारात उभे राहून भारावून म्हणाले, "शास्त्र आहे ते. आपले पूर्वज उगाच नाही सांगून गेले." मी म्हटलं, "हो काका." आणखी काय म्हणणार?

रविवारी निल्या आला. त्याने ती रांग बघितली, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता राउटर शोधायला लागला.

"काका, राउटर कुठाय?"

"कपाटात."

"कुठल्या?"

"ट्रॉफ्यांच्या. कुलपात आहे. काळजी करू नको."

लोखंडी कपाट. जाड पत्रा. त्यात कबड्डीचे पितळी पेले, आणि पेल्यांच्या मधोमध गुदमरलेला आमचा राउटर. त्या वाकलेल्या दाराच्या फटीतून जेवढं बाहेर येत होतं, तेवढ्यावर आम्ही जगत होतो. आणि कपाट पूर्वेच्या भिंतीला, फट पश्चिमेकडे तोंड करून. पूर्वेकडे वळून बसलं की लॅपटॉपची झाकणं नेमकी त्या फटीकडे वळायची, आणि अँटेना असते झाकणातच!

निल्याने काकांना तासभर समजावलं. लोखंडातून वायफाय बाहेर येत नाही. या दोन गोष्टी एकत्र राहू शकत नाहीत. काकांना पटलं. त्यांना पटलं की ते एकदम कामाला लागतात.

संध्याकाळी आम्ही जाऊन बघतो तर ट्रॉफ्या टेबलावर मांडून ठेवलेल्या आणि राउटर एकटाच कपाटात, कुलपात!

"आता ऐसपैस झालं त्याला," काका म्हणाले.

शेवटी सायलीने तोड काढली. राउटर कपाटाच्या डोक्यावर ठेवायचा आणि सायकलच्या साखळीने खिडकीच्या गजाला बांधायचा. साखळीची किल्ली जुडग्यात. राउटरला जामीन मिळाला.

*

यानंतर जे सुरू झालं ते मला अजून अन्यायकारक वाटतं.

सायली एखादं पुस्तक लॅपटॉपवर उघडायची आणि शांतपणे वाचत बसायची. पुढचं प्रकरण उघडायला जाते तर नेट मेलेलं. परत जोडायचं, परत वाचायचं, परत मेलेलं. तिच्या शेजारी बंटीदादाचा भाऊ बसायचा. तो दुपारपासून कुस्तीचे व्हिडिओ बघायचा. त्याचं नेट एकदाही गेलं नाही.

बंटीदादाने हे मीटिंगमध्ये मांडलं. "मी बघितलंय. जो अभ्यास करतो त्याचं नेट जातं, जो टाइमपास करतो त्याचं टिकतं. अशी अभ्यासिका काय कामाची?"

आणि वाईट काय, तर हे शंभर टक्के खरं होतं! लिनक्स बॅटरी वाचवायला बघतं. वायफायकडून काही काम होत नाहीये असं दिसलं की त्याला झोपवतं. आमच्या जुन्या कार्डांची झोप गाढ, एकदा झोपली की उठायची नाहीत. व्हिडिओवाला कार्डाला सतत राबवायचा, म्हणून ते जागं.

निल्या म्हणाला, "बरोबर सेटिंग सापडेपर्यंत एक जुगाड करतो." त्याने प्रत्येक लॅपटॉपवर एक काळी खिडकी उघडून ठेवली. त्यात ओळीमागून ओळ सरकत होती.

"ह्या काय?" काकांनी विचारलं.

"लॅपटॉप दर सेकंदाला बाहेरच्या एका कॉम्प्युटरला विचारतो, आहेस का? तिकडून उत्तर येतं, आहे. बस. एवढंच. त्यामुळे वायफायला झोप लागत नाही."

"दिवसभर?"

"दिवसभर."

काका वाकून त्या ओळी बघत राहिले. मला वाटलं आता जपाबिपाबद्दल काहीतरी बोलणार. माझ्या ओठांवर एक जोक तयारच होता.

काका म्हणाले, "आमची मंडळी गेल्यापासून माका कोणी दिवसातून एकदाही असा इचारला नाय."

जोक मी गिळला.

पुढे निल्याने झोपेची सेटिंग कायमची बंद केली. काळ्या खिडक्यांची गरज संपली. पण कोपऱ्यातल्या एका लॅपटॉपवर एक खिडकी त्याने चालूच ठेवली होती आणि त्याच्यासमोरची खुर्ची सहसा कोणी घ्यायचं नाही. संध्याकाळी काका येऊन बसायचे.

*

मंडळाचा एक नियम आहे, जगातला सगळ्यात जुना. मंडळाची कुठलीही वस्तू आली की तिच्यावर ऑइल पेंटने मंडळाचं नाव टाकायचं. खुर्च्या, टोप, पातेली, ताडपत्री. आमच्याकडच्या झाडूवरही नाव आहे. नाहीतर लग्नाकार्यात नेलेली वस्तू परत येत नाही.

लॅपटॉप आले त्याच आठवड्यात काकांनी लाल ऑइल पेंटचा डबा उघडला होता. सगळ्यांच्या कडेला, सुबक अक्षरात, नाव.

त्यातला एक लॅपटॉप पहिल्यापासून मेला होता. म्हणजे बाकी सगळं चालायचं, फक्त वायफाय नाही. निल्याने त्यावर लिनक्स पुसून परत टाकलं. मग दुसऱ्या जातीचं लिनक्स टाकलं. मग त्याचं पोट उघडून कार्ड बदललं. एक दिवस तर पोट बिघडलंय सांगून ऑफिसला दांडी मारली. खोटं नव्हतं, लॅपटॉपचं पोट होतं. स्क्रीनवर एकच वाक्य येत होतं की वायफाय हार्डवेअरमधूनच बंद आहे.

त्याने परदेशातल्या लोकांना फोरमवर विचारलं. एकाने लिहिलं, "तुमच्या लॅपटॉपच्या बाजूला वायफायचा छोटा सरकता स्विच असेल. तो बंद असेल. बघा."

निल्याने बघितलं. उत्तर लिहिलं, "स्विच नाही."

"असायलाच हवा. या मॉडेलला असतो."

"माझ्या डोळ्यांसमोर लॅपटॉप आहे. नाही."

तो परदेशी माणूस चिडला. निल्या चिडला. एक महिना निल्या त्या फोरमवर गेला नाही.

मग सायली एकदा त्या लॅपटॉपच्या कडेवरून सहज बोट फिरवत म्हणाली, "निल्या, मंडळाच्या नावात हे टेंगूळ कसलं रे?"

स्विच होता. लाल रंगाच्या खाली. काकांनी तो बंद असताना त्याच्यावरून ब्रश फिरवला होता आणि पेंट वाळून तो तिथेच चिकटला होता!

निल्याने खिशातून ब्लेड काढलं. काका आडवे आले.

"नाव पुसशील मंडळाचं!"

"काका, स्विच मोकळा करतोय फक्त."

"आणि उद्या कोणी पळवला तर? नावाशिवायची वस्तू म्हणजे बेवारशी."

बराच वाद झाला. शेवटी समझोता असा झाला की पेंट खरवडायचा, स्विच चालू करायचा आणि वरून परत नाव टाकायचं. काकांनी स्वतः रंगवलं. दोन हात मारले.

त्या लॅपटॉपचं वायफाय आता जगातली कुठलीही ताकद बंद करू शकत नव्हती. आमच्याकडचा सगळ्यात भरवशाचा लॅपटॉप तोच. सायली कायम तोच घ्यायची.

त्या परदेशी माणसाला निल्याने शेवटपर्यंत कळवलं नाही. मी म्हटलं, "सॉरी तरी लिही." तो म्हणाला, "काय लिहू? स्विच सापडला, गणपती मंडळाच्या खाली होता?"

*

हा किस्सा सांगताना आम्ही हसतो, पण पुरतं हसू येत नाही.

एक दिवस कोणालाच नेट मिळेना. निल्याने काकांना मोबाईलवर राउटरचं पान उघडून दाखवलं. राउटरला कोणकोण जोडलंय त्याची यादी त्यात दिसते. काका यादी वाचत गेले आणि लाल झाले. आपले लॅपटॉप मूठभर. यादी संपता संपेना!

"चोरी," काका म्हणाले. "कोणीतरी बाहेरून वापरतंय."

बाहेरून म्हणजे कोण, हे ठरवायला बंटीदादाला वेळ लागला नाही. समोरची बिल्डिंग. तिथली तीन-चार घरं आमच्या मंडळात आहेत, त्यांची मुलंही अभ्यासिकेत यायची. पासवर्ड मुलांना माहीत. झालं! बंटीदादा समोर गेला आणि खालूनच बोंबलला, "फुकटचं नेट वापरायला लाज नाही वाटत?"

वरून तांबे काकू बाल्कनीत आल्या. त्यांच्या दोन्ही मुली अभ्यासिकेत यायच्या. "आमच्या घरी नेट आहे हो! तुमच्यापेक्षा बरं चालतं!" हे वाक्य लागलं, कारण खरं होतं. मग दोन्ही बाजूंनी दहा-दहा वर्षांपूर्वीची भांडणं बाहेर आली. गणपतीत कोणी लायटिंगचा पॉईंट दिला नव्हता, कोणाच्या बारशाला कोण आलं नव्हतं.

हे सगळं चालू असताना निल्या आत बसून ती यादी बघत होता. आणि हळूहळू पांढरा पडत होता.

"ओंक्या," तो हळूच म्हणाला, "हे सगळे आपलेच लॅपटॉप आहेत."

"इतके?"

"मी एक सेटिंग केली होती. लॅपटॉपचा माग कोणाला लागू नये म्हणून. प्रत्येक वेळी वायफायला जोडताना तो नवीन ओळख सांगतो. आपलं वायफाय दिवसातून पन्नासदा तुटतं. प्रत्येक वेळी नवा पाहुणा. राउटरच्या पंगतीला जागाच उरली नाही."

"म्हणजे आपणच आपल्याला ओळखलं नाही?"

"हो."

"आणि बंटीदादा बाहेर कोणाशी भांडतोय?"

निल्याने मोबाईल पालथा ठेवला.

संध्याकाळी काका नारळ घेऊन समोर गेले, दारादारात माफी मागितली. तांबे काकूंनी नारळ घेतला, चहाही दिला. पण मुली परत आल्या नाहीत. अभ्यासिकेत दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि सभेला समोरून जे हात वर होणार होते ते कुठल्या बाजूने होणार, हे आम्हाला त्या दिवशीच कळलं.

*

सायलीची ऑनलाइन सराव परीक्षा होती. घड्याळ लावून, खऱ्यासारखी. सकाळी लवकर येऊन तिने आपला लाल पेंटवाला लॅपटॉप चालू केला.

रात्री त्याने स्वतःच स्वतःला अपडेट करून घेतलं होतं. अपडेट झालं, लिनक्सचा नवीन गाभा आला, आणि निल्याने हाताने बसवलेला वायफायचा प्रोग्रॅम जुन्या गाभ्याबरोबर गेला. स्विच चालू, पेंट शाबूत, वायफाय गायब!

निल्या अंधेरीला पोचलेला. फोनवरून तो एकेक कमांड सांगत होता आणि मी टाइप करत होतो. मी टाइप करणं म्हणजे काय, तर तो म्हणायचा "डॅश" आणि मी विचारायचो "आडवी की उभी?" मोबाईलचं नेट जोडून गाडी रुळावर येईपर्यंत परीक्षेचं पान बंद झालं होतं.

सायलीने काय केलं? आम्ही खटपट करत असताना तिने जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा काढला, मोबाईलवर घड्याळ लावलं आणि त्या लॅपटॉपला पाठ करून पेपर सोडवत बसली. आम्ही "झालं, झालं, आलं नेट!" ओरडलो तर तिने मान वर न करता बोट ओठांवर ठेवलं.

निल्या संध्याकाळी थेट तिच्याकडे आला. "सॉरी यार. माझ्यामुळे वाट लागली तुझ्या टेस्टची. हे बंदच करूया. तुझ्या घरी एखादं डोंगल लावून देतो मी, तिथे बस."

"निल्या," ती म्हणाली, "माझ्या घरात आजी आहे, टीव्ही आहे, दोन भाऊ आहेत, आणि आईचे डबे आहेत, म्हणजे सकाळ-संध्याकाळ कुकर. इथे काय जातं? फक्त नेट जातं. जाऊ दे ना."

निल्या त्यानंतर प्रत्येक रविवारी आला. प्रत्येक लॅपटॉपचं आपोआप अपडेट होणं बंद केलं, ओळख बदलायची सेटिंग काढली, राउटर बदलला, वायफायचं चॅनेल बदललं. सभा जवळ आली तोपर्यंत खरं सांगतो, नेट जायचं थांबलं होतं. आम्हाला सवय नव्हती. मधेच कोणीतरी उगाच उठून राउटरकडे बघून यायचं, आजारी माणसाला झोप लागली की बघतात तसं.

*

आणि मग सभा.

रविवारी सकाळी, त्याच खोलीत. टेबलं भिंतीला लावलेली, खुर्च्या मांडलेल्या. अध्यक्ष आबा सावंत आता गावालाच असतात, मालवणच्या पुढे कुठेतरी आत. ते व्हिडिओ कॉलवर. निल्याने सायलीचाच लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि आबा स्क्रीनवर आले. मागे माड, अंगात बनियन.

आबांचं मत काय, कोणालाच ठाऊक नव्हतं. कपाटातल्या ट्रॉफ्या आबांच्या टीमच्या, त्यामुळे बंटीदादा निवांत. पण अभ्यासिकेचा पंखाही आबांनीच दिलेला, त्यामुळे सायली थोडीशी निवांत.

"आबा, आवाज येतो मा?" काकांनी विचारलं.

"येता, येता. चलू दे तुमचा."

आमच्याकडे मत हात वर करून. चिठ्ठीबिठ्ठी नाही. काका उभे राहिले. किल्ल्या वाजल्या.

"ज्यांका व्यायामशाळा व्हयी, त्यांनी हात वर करा."

बंटीदादाचा दंड वर गेला. त्याच्या बाजूचे गेले. समोरच्या बिल्डिंगवाल्यांचे गेले, तांबे काकूंचा जरा सावकाश, पण गेला. काकांनी मोजले.

"ज्यांका अभ्यासिका रवाक व्हयी, त्यांनी."

आमचे सगळे वर. आणि काकांनी स्वतःचा हात वर केला. सायलीने काकांकडे बघितलं. काकांनी सरळ समोर बघत मोजणी केली.

दोन्ही बाजू सारख्या! एकही इकडे-तिकडे नाही.

आता निकाल अध्यक्षांच्या मतावर; सगळ्यांच्या माना लॅपटॉपकडे वळल्या. आबांचा हात वर होता. तोंड अर्धवट उघडं होतं, काहीतरी बोलता बोलता.

"वर आहे!" बंटीदादा. "आबांचा हात आमच्याकडे!"

"दादा, ते हलत नाहीयेत," सायली उठली. "अडकलंय ते. चित्र अडकलंय."

"पण हात कधी वर केला? मी बघत होतो. पहिल्या प्रश्नाला वर होता."

"दुसऱ्या प्रश्नालाही वरच होता ना!"

"पंखा दाखवत असतील," कोणीतरी म्हणालं.

"कावळा हाकलत असतील. मागे बघ ना, माड आहे."

"तोंड उघडं आहे. काय म्हणत होते?"

कोणीच ऐकलेलं नव्हतं. आबांच्या मोबाईलला फोन लावला. बाई म्हणाली संपर्क क्षेत्राच्या बाहेर. परत लावला, परत तीच बाई.

निल्या तोपर्यंत भिंतीजवळच्या टेबलांकडे धावला होता. एकेक लॅपटॉप उघडून सभेकडे वळवत होता. "बघा, आपलं नेट चालू आहे! हे बघा. हे पण बघा. आपल्याकडून नाहीये ते, तिकडून गेलंय! आपलं चालू आहे!" खरंच चालू होतं. सगळ्यांवर, एकदम, सुसाट. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

"काका," सायली म्हणाली, "आबांचा फोन लागेपर्यंत थांबूया ना. संध्याकाळी घेऊ परत."

"सभा एकदाच होता. मंडळाची रीत आहे."

"तुम्ही तर आमच्या बाजूने हात वर केलात."

"केलंय," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "माझो हात वेगळो. मोजणी वेगळी. पहिल्या इचारण्याक जो हात वर, तो पहिल्यात धरूचो."

आणि त्यांनी तो धरला.

मग चहा आला. बिस्किटं आली. बंटीदादा हात पसरून भिंतीवर आरशाचं माप घ्यायला लागला. तांबे काकू कोणाशीही न बोलता निघून गेल्या. निल्या उघडलेले लॅपटॉप एकेक करून मिटत होता. आम्ही खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या. एक राहिली, कारण तिच्यावर सायली बसलेली होती, टेबलासमोर.

स्क्रीनवर आबा तसेच. माड, बनियन, वर गेलेला हात.

ती बराच वेळ बघत राहिली. मग पुढे वाकून, घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तशा आवाजात म्हणाली,

"आबा, दुखेल. हात खाली करा आता."